एका नावाच्या तीन किल्ल्या

१४ मे

मिंके साडेनऊला गाण्याच्या सरावाला गेली, आणि बायको बाहेर म्हणजे घर माझं. फ्राउकेही दोन आठवडे डोंगरात पायपीट करायला गेली आहे, त्यामुळे माझ्या कामात नाक खुपसायला कोणी नाही. एरवी मी एक ओळ पाठवली की ओल्डेनबर्गहून तिच्या तीन शंका हजर. बाई हुशार आहे, कामाला वाघ आहे. पण जे कुलूप मी एकवीस वर्षं सांभाळलं ते कसं बसवायचं हे ती मलाच शिकवायला लागते, तेव्हा डोकं फिरतं.

कुलूप म्हणजे आमच्या कीविटचं, लॅपटॉप चालवणाऱ्या आमच्या प्रणालीचं. कीविट वापरणाऱ्या कुणीही लॅपटॉप मिटून पुन्हा उघडला की जो पडदा पासवर्ड विचारतो, तो माझा. शाळांत आहे, वाचनालयांत आहे, लोकांच्या स्वयंपाकघरांत आहे. फुकट आहे, त्याचा कोड कुणालाही वाचायला उघडा आहे, पण माझी नाहीतर फ्राउकेची सही असल्याशिवाय त्यात एक अक्षर बदलत नाही.

हा पडदा हल्ली पासवर्ड घेतल्यावर उगाच ताटकळत बसायचा. बरेच दिवस खुपत होतं. आज त्याला सरळ केलं. एक्केचाळीस ओळी, आणि अकराच्या आत सही करून पाठवूनही दिल्या. मग राईच्या पावावर चीज, पेलाभर ताक, आणि खिडकीतून कालव्यातल्या बोटी. बऱ्याच दिवसांनी हात असा चालला.

मेळाव्याला दोन महिने उरले. यंदा तो आमच्या दारातच आहे, लेउवार्डनला. जगभरचे कीविटवाले येणार, लिहिणारेही आणि वापरणारेही. फ्रानेकरहून आगगाडीने वीस मिनिटं.

ही वही मी एकाच दिशेने लिहितो. मागची पानं उलटत नाही. सगळा जन्म जुन्या ओळी तपासण्यात गेला, निदान इथे तरी पुढे जावं.

२९ मे

हे लिहून ठेवायलाच हवं.

सकाळी झ्वॉलच्या एका बाईंचं पत्र आलं. त्यांनी लॅपटॉप मिटून स्वयंपाकघरात ठेवला होता. नवऱ्याने तो उघडला, पासवर्ड म्हणून काहीतरी दाबलं, आणि पडदा बाजूला झाला. आत वकिलाशी झालेला पत्रव्यवहार होता. बाई आता बहिणीकडे आहेत. चिडून लिहिलेलं नाही. एवढंच विचारलं आहे की या कुलपावर विश्वास ठेवावा की ठेवू नये.

मी कोड उघडला. पासवर्ड तपासणाऱ्याकडून वेळेत उत्तर आलं नाही तर दार बंदच राहायला हवं. इथे कुणीतरी असं लिहिलं आहे की उत्तर आलं नाही तर दार उघडावं. असली चूक शिकाऊ पोरसुद्धा करत नाही.

आमच्यात एक आज्ञा आहे, तिचं नावच ‘दोष’. ती दिली की प्रत्येक ओळीसमोर ती कुणी लिहिली आणि कधी, ते उमटतं. मी ती दिली. एक्केचाळीस ओळी आणि एक्केचाळीस वेळा माझं नाव. १४ मे, सकाळी दहा बावन्न. खाली माझी सही, माझ्याच किल्लीने केलेली.

मी त्या ओळी लिहिलेल्या नाहीत. १४ मेला मी लेउवार्डनच्या बाजारात होतो. मासेवाल्याच्या गाडीजवळ उभं राहून हेरिंग खाल्लं, हे मला लख्ख आठवतं. आणि सहीची किल्ली म्हणजे अंगठ्याएवढी काडी, ती माझ्या टेबलाच्या खणात असते. तिचा परवलीचा शब्द फक्त माझ्या डोक्यात आहे.

म्हणजे कुणीतरी या खोलीत येऊन गेलं आहे.

फ्राउके कालच डोंगरातून परतली. तासाभरात तिने त्या ओळी काढून टाकल्या आणि सगळ्यांसाठी दुरुस्ती पाठवली. हे कुणी केलं, असं तिने एका शब्दाने विचारलं नाही. मला त्याचीच जास्त भीती वाटते.

३१ मे

तीनदा वाचल्या त्या ओळी. चोराने माझा चांगलाच अभ्यास केला आहे. कोडात तात्पुरती माहिती ठेवायच्या किरकोळ खणांना मी आईच्या बोलीतली फ्रिसियन नावं देतो, ही माझी जुनी खोड. चोरानेही तशीच दिली आहेत. एकाला त्याने ‘मांजराचं पिल्लू’ म्हटलं आहे. ते मला सुचलं असतं, इतकं ते माझं आहे.

फ्रिसियन येणारे लोक कीविटमध्ये किती? मी, आणि फ्राउके, जिने गेली दोन वर्षं एकेक शब्द मला विचारून त्यांची यादी केली. तेव्हा मला केवढं कौतुक वाटलं होतं. कुंपणच शेत खातंय की काय?

पण ती ओल्डेनबर्गला, किल्ली फ्रानेकरला. मधे पावणेदोनशे किलोमीटर. इथे येऊन माझं गाडं अडतं.

३ जून

नवी किल्ली केली. नवी काडी, नवा परवलीचा शब्द, आणि तिचा ठसा माझ्या नावाने सार्वजनिक फलकावर लावला. ठसा म्हणजे चाळीस अक्षरांची ओळ, तिच्यावरून किल्ली ओळखतात. कुणाला सांगितलं नाही, मिंकेलाही नाही. मेळाव्यात चारचौघांसमोर तिची ओळख पटवून घेईन आणि मग जुनी रद्द करीन.

मागच्या दाराचं कुलूपही बदलून घेतलं.

८ जून

काडी खणात नाही.

सकाळपासून घर पालथं घातलं. गाद्या उलटल्या, कपबशांचं कपाट रिकामं केलं. मिंके दारात उभी राहून बघत होती. काय शोधतोयस म्हणाली. सांगितलं, तर ती खाली गेली आणि दहा मिनिटांनी सायकलचं पंक्चर काढायच्या डबीतून काडी घेऊन आली.

“तुला कसं कळलं ती तिथे आहे?” मी विचारलं.

“परवा तुझा चष्मा तिथे होता.”

हे काही उत्तर नव्हे. चष्मा तिथे कुणी ठेवला? हा माणूस घरात येतो, माझ्या वस्तू हलवतो आणि काहीच नेत नाही. नेलं असतं तर बरं झालं असतं. पोलिसांत तरी जाता आलं असतं.

दिवसा दाराला आतून खुर्ची लावतो. मिंकेला खिडकीतून आत यायला सांगितलं तर ती रडली.

१२ जून

मिंकेच्या हट्टापायी डॉक्टरांकडे. रक्तदाब बघायचा म्हणाली होती. त्याने रक्तदाब पाहिला आणि मग पोरखेळ सुरू केला. पाच शब्द सांगितले: चमचा, पूल, घोडा, लोकर, रविवार. मग मुद्दाम बोटींच्या शर्यतीच्या गप्पा काढल्या, आणि मी रंगात आल्यावर एकदम म्हणाला, आता ते शब्द सांगा. मी तीन सांगितले. उरलेले दोन त्याने सांगितलेच नव्हते, हे मी त्याच्या तोंडावर म्हणालो. महिना कोणता विचारलं, तर म्हटलं, आमच्याकडे बाराही महिने एकसारखेच भिजतात. तो हसला, पण लिहीत राहिला.

मिंके हसली नाही. येताना गाडी तिने चालवली.

(संध्याकाळी चहाच्या वेळी हे लिहिताना पाचही शब्द आठवले. म्हणजे आठवण ठणठणीत आहे. वर बघून लिहिले असं कुणी म्हणू नये.)

२१ जून

आज अखेर नवी किल्ली केली. इतके दिवस का टाळलं कोण जाणे. परवलीचा शब्द असा निवडला आहे की साऱ्या जगाला सुचणार नाही. ठसा माझ्या नावाने फलकावर लावला. मिंकेला सांगितलं नाही.

आता जरा सुटल्यासारखं वाटतंय.

२५ जून

कुणीतरी मागे लागलं होतं.

साखरेचा पाव आणायला निघालो. पुलाजवळ लक्षात आलं की मागून पावलं येताहेत. वळून पाहिलं तर कुणी नाही. चकवायला म्हणून मी आडव्या गल्लीत शिरलो, तिथून दुसऱ्या. फ्रानेकर म्हणजे तळहाताएवढं गाव, मी इथे जन्मलो, पण भीतीने माणूस नीट बघत नाही. घरं सगळी अनोळखी. एका दारावर माझ्याच शाळेचं नाव होतं, आणि शाळा तर या बाजूला नाही. मी कुणाच्या तरी पायरीवर बसलो.

शेवटी पूल उघडणारा गडी भेटला, ओळखीचा. माझ्यासोबत घरापर्यंत चल म्हणालो, सुरक्षेसाठी. तो आला. वाटेत त्याने मला दोनदा विचारलं, रिंझे, मिंके घरी आहे ना? त्यालाही तिची काळजी वाटते म्हणजे गावात काहीतरी पसरलं आहे.

पाव आणायचा राहिला.

२ जुलै

आता सगळं स्पष्ट झालं, आणि नसतं झालं तर बरं होतं.

मी वर आहे असं समजून मिंके खाली फोनवर बोलत होती. मी जिन्यात थांबलो. ती म्हणत होती, “नाही फ्राउके, अजून त्याला काही माहीत नाही. मेळाव्यापर्यंत थांबू. तू करतेयस तेच चालू ठेव.”

कठड्याला धरून मी तिथेच बसलो. माझ्या परवलीच्या शब्दाचा अंदाज लावू शकेल असं जगात एकच माणूस आहे, आणि ते माणूस छत्तीस वर्षं माझ्याशेजारी झोपतं.

का, ते कळत नाही. मिंकेला कीविटशी काय देणंघेणं? फ्राउकेला कुलूप एकटीच्या हातात हवं असेल. मग मागायचं होतं. दिलं असतं की नाही ते वेगळं, पण मागायचं होतं.

मी बर्टिलला लिहिलं. तो आमच्या मंडळाचा अध्यक्ष, उप्साल्याचा, अठरा वर्षांपासूनचा दोस्त. शेवटच्या दिवशीच्या वार्षिक सभेत मला पाच मिनिटं हवीत म्हटलं. विषय: माझी किल्ली कुणी चोरली. फ्राउकेचं नाव पत्रात लिहिलं. झ्वॉलच्या बाईंचंही सगळं लिहिलं. एका बाईचं घर मोडलं, दुसऱ्या कुणाचा जीवही जाऊ शकेल, आणि त्यावर सही माझी आहे. मी गप्प बसलो तर चोर पुन्हा लिहील.

मिंकेशी नेहमीसारखं बोलतो. तिने केलेलं खातो. खाताना भीती वाटते, हेही लिहून ठेवतो.

१५ जुलै

बर्टिलचा फोन. तासभर गोड गोड बोलला. सभेत नाव घेऊ नकोस, आधी मला भेट, आधी तिला भेट. मी म्हटलं, चोराला आधी भेटून काय सल्ला घेऊ? तो म्हणाला, “रिंझे, तुझ्यासाठी मी पाच मिनिटं ठेवली आहेत. ती तुझी आहेत. पण आधी रांगेत तर ये.”

रांग म्हणजे किल्ल्यांची. ती पहिल्याच दिवशी असते. तिथे तर मी जाणारच. माझी नवी किल्ली एकदा लोकांनी मान्य केली की चोराच्या हातातली जुनी मेली.

१८ जुलै

शांतपणे लिहायचा प्रयत्न करतो.

लेउवार्डनला, मेळावा भरलेल्या महाविद्यालयाच्या अंगणात, वारा भणाणत असताना, आम्ही दोन रांगांत समोरासमोर उभे राहिलो. पंचाहत्तर-ऐंशी माणसं. दर वर्षीचा रिवाज. प्रत्येकाच्या हातात छापील यादी, तीत नावं आणि प्रत्येकाने यंदा फलकावर लावलेल्या किल्लीचा ठसा. आपण आपल्या कागदावरून आपला ठसा मोठ्याने वाचायचा, समोरच्याने तो यादीशी ताडायचा, पासपोर्ट बघायचा आणि खूण करायची: हा माणूस तोच, आणि किल्ली याचीच. मग एक पाऊल सरकायचं, समोर नवा माणूस. एकमेकांना वर्षानुवर्षं ओळखणारे लोकसुद्धा पासपोर्ट काढतात. त्यावरून दर वर्षी तेच विनोद होतात, फोटोतले केस कुठे गेले वगैरे.

माझ्यासमोर पहिलाच बर्टिल आला. त्याने यादी पाहिली आणि पुन्हा पाहिली.

“तुझ्या नावाने तीन आहेत,” तो म्हणाला. “तू नेहमीच तिघांचं काम करायचास म्हणा.”

शेजारचे हसले. मीही हसलो. मग यादीत पाहिलं. रिंझे पोस्टमा, तीन वेळा. तीन जून. एकवीस जून. तीस जून. तीन वेगवेगळे ठसे.

“यातली तुझी कोणती?” बर्टिलने हळूच विचारलं.

मी खिशातला कागद काढला. त्यासोबत दुसरा कागद बाहेर आला. दोन्हींवर माझ्याच अक्षरात ठसा, आणि दोन्ही ठसे वेगळे. मी एक वाचायला लागलो, मधेच थांबलो, दुसरा वाचायला लागलो. मागच्या माणसाने घसा खाकरला. आमच्यामुळे दोन्ही रांगा अडल्या होत्या. मला नवी किल्ली केल्याचं आठवत होतं, अगदी पक्कं, टेबल, खिडकी, काडी, सगळं. पण एकदाच. एकदा केली मी. उरलेल्या दोन चोराच्या, असं म्हणायला तोंड उघडलं आणि हातातले कागद पुन्हा पाहिले, कारण चोराचा कागद माझ्या खिशात माझ्या अक्षरात का असेल?

हातात पासपोर्ट उघडा होता. त्यातला माणूस मीच आहे, यावर कुणाचा आक्षेप नव्हता.

बर्टिलने यादीवर खूण केली नाही. करूच नये. मी असतो तर मीही केली नसती. त्याने माझा दंड धरून मला रांगेतून बाहेर काढलं, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला की वाऱ्याने कागदांचा घोळ झाला.

१९ जुलै

फ्राउके आणि मिंके दोघी सकाळी कालव्याकाठच्या बाकावर माझ्या दोन बाजूंना बसल्या. मला वाटलं आता कबुली देतील.

फ्राउके म्हणाली की गेल्या ऑक्टोबरपासून मी केलेले पंधरा बदल तिने पाहिले आणि त्यांतले अकरा लोकांपर्यंत पोचायच्या आत बदलून टाकले. मला दर वेळी सांगितलं की चाचणीत अडकले. मे महिन्यात ती डोंगरात होती, म्हणून एक सुटला. त्या दोन आठवड्यांबद्दल ती स्वतःला माफ करू शकत नाही म्हणाली.

मी म्हटलं, चोराच्या उलट्या बोंबा. आणखीही बोललो. ते लिहीत नाही.

ती ऐकून घेत राहिली. मिंके मात्र म्हणाली, “रिंझे, तू रोज त्या वहीत लिहितोस. मी ती कधी उघडली नाही. १४ मेला मी सरावाला गेले होते, तेव्हा तू कुठे होतास, ते तूच बघ.”

मी सांगितलं, मागची पानं मी वाचत नाही.

“आज वाच,” ती म्हणाली. “मी हात जोडते.”

छत्तीस वर्षांत मिंकेने माझ्यापुढे हात जोडलेले नाहीत.

वही पिशवीत होती. वाचली. मेपासून कालपर्यंत, सगळी, त्याच बाकावर. राईचा पाव, ताक, बोटी. एक्केचाळीस ओळी. तीन जूनची किल्ली, एकवीस जूनची किल्ली. तीस जूनचं तर पानच नाही. ती कुणी केली हे वहीलाही माहीत नाही.

मला भीती वाटते. इतकी भीती मला कधी वाटली नव्हती. चोर होता तोवर बरं होतं. चोराला पकडता येतं, दाराला खुर्ची लावता येते. आता खुर्ची कुठे लावू?

आणि मासेवाल्याजवळचं हेरिंग मला अजूनही आठवतंय. वाऱ्याने कांद्याचे तुकडे उडाले होते. ते कधीचं?

२० जुलै

सभा. बर्टिल म्हणाला विषयपत्रिकेवरून तुझं नाव खोडतो. मी नको म्हटलं. छापलेलं आहे, दोनशे लोकांनी वाचलं आहे, आणि अर्ध्यांनी तरी मनात कुणाचं ना कुणाचं नाव घेतलं असेल. ते नाव फ्राउकेचं असेल तर ते पुसायला मलाच जायला हवं.

मिंकेने पायऱ्यांपर्यंत सोबत केली. काय बोललो ते तिने नंतर मला सांगितलं आणि मी तसंच उतरवतोय, नाहीतर पुन्हा घोळ.

“चोर सापडला,” मी म्हणालो. “तो माझ्याच घरी राहतो, माझे कपडे घालतो, आणि त्याची सही माझ्यासारखी आहे.”

लोक हसले. त्यांना वाटलं म्हातारा रंगात आला. मी ते थांबेपर्यंत थांबलो. मग सांगितलं की मे महिन्यातल्या त्या ओळी मी लिहिल्या, मला ते आठवत नाही, आणि पुढच्या वेळीही आठवणार नाही. म्हणून आजपासून माझी सही कुठेच चालू नये. तिन्ही किल्ल्या रद्द, आणि जुनीही. फ्राउकेने काहीही केलेलं नाही, केलं असेल ते एवढंच की दहा महिने तिने मला लाज येऊ दिली नाही. झ्वॉलच्या बाईंना उत्तर द्यायचं राहिलं आहे. त्यांना लिहा की कुलूप आता फ्राउकेच्या हातात आहे, खुशाल विश्वास ठेवा.

टाळ्या वाजल्या नाहीत. वाजवाव्यात की नाही ते कुणालाच कळलं नसावं. फ्राउके पहिल्या रांगेत बसून लॅपटॉपवर माझे अधिकार काढत होती. नियमाप्रमाणे ते तिथल्या तिथे करायचं असतं. तिला पडद्यावरचं दिसत नव्हतं बहुतेक, कारण दोनदा तिने बाहीने डोळे पुसले. झालं म्हणून तिने मान हलवली. बर्टिलने पुढचा विषय घेतला: पुढच्या वर्षीचा मेळावा कुठे. पोर्तो की ग्दान्स्क यावर चांगलं अर्धा तास भांडण झालं. मी पोर्तोला मत दिलं.

२१ जुलै

घरी. फ्राउके आमच्याकडे उतरली आहे, उद्या जाईल. पुढच्या मंगळवारी मोठ्या इस्पितळात तपासणी आहे, मिंकेने फ्रिजवर लिहून लावलं आहे.

दुपारी जेवणानंतर पडलो होतो आणि एकदम आठवलं. मी त्या बाईला चोर म्हणालो. बर्टिलला नाव लिहून दिलं. कालव्याकाठी काय काय बोललो, जे मला इथे लिहवलंही नाही. आणि सभेत सगळ्यांना सगळं सांगितलं, पण तिची माफी मागायची राहूनच गेली. उद्या ती गेली आणि मी विसरलो तर ते कायमचं राहील. मी तसाच अनवाणी खाली गेलो.

दोघी स्वयंपाकघरात शेंगा निवडत होत्या. मी टेबलाला धरून उभा राहिलो आणि म्हटलं, “फ्राउके, मी तुझ्यावर चोरीचा आळ घेतला. मला माफ कर. हे आधीच म्हणायला हवं होतं.”

मिंके उठून मोरीकडे वळली आणि तिने उगाचच नळ सोडला.

फ्राउकेने हातातली शेंग खाली ठेवली. “म्हणालास की,” ती म्हणाली. “काल सभा झाल्यावर म्हणालास. आज सकाळी कॉफी घेताना म्हणालास. ही तिसरी वेळ.”

नळाचं पाणी वाहत होतं. सकाळची कॉफी मला आठवत होती. कप निळा होता, बिस्किटं आल्याची होती.

“मग तू काय म्हणालीस?” मी विचारलं.

“दर वेळी तेच. माफ केलं.”

“आणि पुन्हा मागितली तर?”

“तर पुन्हा करीन. बस जरा, पाय गार पडले असतील.”

बसलो. चार शेंगा निवडल्या. मग वर येऊन विसरायच्या आत हे लिहितो आहे, मोठ्या अक्षरात, म्हणजे नजरेतून सुटणार नाही: माफी मागून झाली आहे. तिने माफ केलं आहे. पुन्हा खाली जायचं नाही.

खाली दोघी हळू आवाजात बोलताहेत. लिहिलेलं तीनदा वाचलं. अक्षर माझंच आहे. पण वहीत लिहिलेलं सगळंच खरं असतं असं नाही, हे आता मला माहीत आहे. उद्या ती जाणार. फक्त एकदा जाऊन विचारून येतो.